बंदुकीची हिरडी

भाऊजींची जुनी बंदूक वहिनीनं घ्यायची, हे घरात ठरून गेलं होतं. फक्त वहिनीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

वहिनी कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक चिंचोळी खोली होती. तिथे उंच स्टुलावर बसून, लोकांच्या हिरड्यांचे प्लास्टरचे साचे समोर मांडून, त्यांवर गुलाबी मेण चढवण्यात आणि एकेक दात बसवण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. तिनं केलेले दात गावभर हसत होते, पण त्यांतलं एकही तोंड कधी तिला आभार मानायला आलेलं नव्हतं. यायची ती तक्रार. इथे बोचतं, तिथे हलतं, शिंकलो की बाहेर येते. मग ती कवळी परत तिच्या टेबलावर, आणि ही पुन्हा घासायला बसलेली, केसाच्या जाडीएवढं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी भाऊजींनी सगळ्या घराला नेमबाजीच्या क्लबात नेलं होतं. मोकळं मैदान, समोर जमिनीत दडवलेलं एक यंत्र. 'पुल' म्हटलं की त्यातून बशीएवढी मातीची चकती सुसाट हवेत जायची, आणि ती खाली पडायच्या आत फोडायची. भाऊजींनी गंमत म्हणून क्लबची बंदूक वहिनीच्या हातात दिली. पहिल्या चार चकत्या सुखरूप गवतात उतरल्या. पाचवी फुटली. आकाशात नुसता काळा धुरळा राहिला आणि तोही वाऱ्यानं नेला. वहिनी बघत राहिली. हे काही कुणी टेबलावर परत आणून ठेवणार नाही, असं तिच्या मनात आलं. पुढच्या रविवारी ती एकटीच बसनं क्लबात गेली, आणि मग जातच राहिली.

आता तिला सेहेचाळिसावं लागलं होतं आणि पन्नासातल्या पस्तीस-सदतीस चकत्या ती फोडत होती. क्लबचा सहाजणांचा संघ दर वर्षी दुसऱ्या क्लबांशी खेळायला जायचा. या वर्षी निवडीला तूही उभी राहा, असं ड्रिलबाईंनी तिला सांगितलं. ड्रिलबाई म्हणजे क्लबच्या प्रशिक्षक. पूर्वी शाळेत कवायत शिकवायच्या, म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांच्या तोंडावरसुद्धा सगळे तेच म्हणायचे. अट एकच होती. क्लबच्या बंदुका शिकणाऱ्यांसाठी, संघात खेळायचं तर बंदूक स्वतःची हवी. परवान्यासाठी वहिनीनं सात महिने खेटे घातले. घरात भिंतीला बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवलं. एक अधिकारी येऊन ते कपाट दोन्ही हातांनी गदगदा हलवून बघून गेला. परवाना हातात पडला तेव्हा निवडीला आठ आठवडे उरले होते.

आणि त्याच आठवड्यात भाऊजी आले, तेही बंदूक पेटीत घालून.

भाऊजी लिफ्ट बसवण्याचं काम करायचे. बोलणंही तसंच, बटण दाबलं की थेट वरच्या मजल्यावर. "वहिनी, तुम्ही बाजारात फिरायचं कारणच नाही. ही घ्या. एकावर एक नळ्या, बाजूला नक्षी बघा, काय चांदीसारखी. मी नवीन घेतोय. ही बाहेर दिली तर दीडपट येतील, पण म्हटलं घरातली वस्तू घरात राहू दे."

नवऱ्यानं पेटीत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली. तो वजनकाटे तपासणाऱ्या कार्यालयात होता. दुकानादुकानांतून काटे बरोबर दाखवतात की नाही ते बघत फिरायचा. एका ग्रॅमसाठी तो दुकानदाराशी तासभर वाद घालू शकत असे, पण भावाशी वाद घालायचा म्हटलं की तो विषयच बदलायचा.

"वापरून बघते," वहिनी म्हणाली. "मग सांगते."

"वापरून काय बघायचंय?" भाऊजी हसले. "मी नऊ वर्षं वापरलीये की."

दोन रविवार तिनं ती वापरली. पहिल्या रविवारी पंचवीसातल्या अकरा फुटल्या, दुसऱ्या रविवारी नऊ. सोमवारी ती कामावर गेली तेव्हा उजव्या गालाच्या हाडावर जांभळा डाग उमटला होता. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "दाढ दुखतेय का?"

"बंदूक लागली."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, "मग माझा इलाज नाही."

तिसऱ्या रविवारी ड्रिलबाईंनी तिला बाजूला घेतलं. बंदूक रिकामी आहे ना ते आधी दोनदा बघितलं आणि मग म्हणाल्या, "खांद्याला लाव. डोळे मिट. आता गाल टेकव. उघड डोळे. काय दिसतंय?"

"बंदुकीची मागची बाजू. पुढची नळी दिसतच नाहीये."

"दिसणार कशी? शॉटगनला मागे नेम धरायची माशी नसते. मागची माशी म्हणजे तुझा डोळा, आणि डोळा कुठे येणार ते तुझा गाल ठरवतो. हा मागचा लाकडी दस्ता तुझ्या दिराच्या हाताच्या मापानं लांब आणि त्याच्या जबड्याच्या मापानं खाली आहे. तुझा गाल त्याच्यावर टेकतच नाही. मग तू मान उचलतेस, बंदूक उडते आणि तुला थोबाडीत मारते."

"म्हणजे बसत नाही."

"अजिबात बसत नाही."

वहिनीला एकदम बरं वाटलं. गेले पंधरा दिवस आपलाच हात बिघडला असं समजून ती मनातल्या मनात कुढत होती. बसत नाही, हा आजार तिच्या रोजच्या ओळखीचा होता. कवळी तोंडाला बसवायची असते, तोंड कवळीला नाही.

"आणि आता हेही बघून ठेव," ड्रिलबाई म्हणाल्या. त्यांनी बंदूक उघडायची वरची चावी दाखवली. नव्या बंदुकीत ती मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते आणि सांधा झिजत गेला की डावीकडे सरकत जाते. भाऊजींची मध्य ओलांडून डावीकडे गेली होती. मग त्यांनी नळ्या वेगळ्या काढल्या, एका बोटाला टांगल्या आणि बोटाच्या पेरानं हलकेच वाजवल्या. तड गेलेल्या कपासारखा भद्द आवाज आला. त्यांनी क्लबच्या बंदुकीच्या नळ्या तशाच टांगून वाजवल्या. त्या घंटेसारख्या घुमल्या, आणि घुमत राहिल्या.

"दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी कुठेतरी सुटलीये," ड्रिलबाई म्हणाल्या. "दुरुस्त होईल. पण त्यालाही हे माहीत नसावं. सांग त्याला."

सांगणं सोपं नव्हतं. तिनं ते त्याच संध्याकाळी उरकलं, कारण उद्यावर टाकलं तर तोंडातून शब्द फुटणार नाही हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याला घेऊन भाऊजींच्या घरी जाऊन तिनं पेटी टेबलावर ठेवली, चावी दाखवली, नळ्या वाजवून दाखवल्या. "मला बसत नाही हा एक भाग झाला, भाऊजी. पण तुम्हीसुद्धा ही अशी वापरू नका. आणि विकायचीच तर दुरुस्त करून विका."

भाऊजींचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. "नऊ वर्षांत मला कुणी काही बोललं नाही. आणि तुम्ही दोन वर्षांत एवढ्या तयार झालात होय, वहिनी?"

"मी नाही. आवाज बोलतोय."

"नको असेल तर नको म्हणा. खोड काढायची काय गरज होती?"

जावेनं पाणी आणलं, पण ते कुणीच प्यायलं नाही. घरी येताना बसमध्ये नवऱ्यानं आधी तिकिटं काढली. मग म्हणाला, "थोडं गोड बोलली असतीस."

"तुम्ही चुकीच्या काट्याला गोड बोलून बरोबर करता का?"

पुढच्या शनिवारी ती शस्त्रांच्या दुकानात निघाली तेव्हा तो आपणहून चपला घालून तयार होता, आणि त्याच्या पिशवीत कार्यालयातला टांगायचा स्प्रिंगकाटा होता.

"हा कशाला?"

"बंदुकीचं वजन किती ते दुकानदार सांगेल," नवरा म्हणाला. "मला बघायचंय."

खर्चाची मर्यादा वहिनीनं घरातूनच ठरवून नेली होती आणि दुकानात शिरताच ती सांगून टाकली, म्हणजे पुढचा घोळ वाचेल. दुकानदार तरतरीत होता. त्यानं आकडा ऐकला, वहिनीची उंची बघितली आणि आतून एक नाजूक बंदूक आणली. बारीक दस्ता, त्यावर कोरलेली पानं. "ताई, ही खास बायकांसाठी. पिसासारखी हलकी आहे."

वहिनीनं ती उचलली. खरंच हलकी होती. नवऱ्यानं काट्याला टांगली आणि म्हणाला, "अडीच किलोसुद्धा नाही."

"म्हणूनच नको," वहिनी म्हणाली. "हलकी बंदूक जास्त लाथ मारते. मला एका दिवसात शंभर काडतुसं उडवायचीत. नववधूसारखी मिरवायची नाहीये."

दुकानदारानं तिच्याकडे नव्यानं बघितलं. मग त्यानं दुसरी काढली, आपोआप काडतूस भरणारी, चकचकीत काळी. ती हातात बरी बसली, पण वहिनीनं विचारलं, याची दुरुस्ती कोण करतं, आणि सुटे भाग किती दिवसांत येतात. दुकानदार म्हणाला, मागवावे लागतात. किती दिवसांत? ते सांगता येत नाही. ती परत गेली. तिसरी दिसायला देखणी होती, किंमतही बसत होती, पण नळ्या टांगून वाजवल्यावर तोच ओळखीचा भद्द आवाज आला. दुकानदाराला तो ऐकू आल्यासारखं वाटलं नाही. नवऱ्याला मात्र ऐकू आला. तो म्हणाला, "ही नको," आणि आपणच बोललो याचं त्याला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

चौथी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, विकायला मांडलेलीसुद्धा नव्हती. साधी, एकावर एक नळ्यांची, बारा बोअरची. दस्त्यावर ओरखडे, एका बाजूला चहाच्या कपाचा गोल डाग.

"ती कुणाची?"

"ती? एका बंद पडलेल्या क्लबची. हजारो बार झालेत त्यातून. तुम्हाला शोभायची नाही."

वहिनीनं चावी बघितली. मध्याच्या उजवीकडे. हजारो बार होऊनही उजवीकडे. पुढचं लाकूड काढून तिनं नळ्या सांध्यात हलवून बघितल्या. जराही खुळखुळ नाही. टांगून वाजवल्या तेव्हा आवाज दुकानाच्या काचांपर्यंत गेला. चाप दोन्ही वेळा एकाच जोरानं सुटला. सुटे भाग, दुकानदारानं थोड्या नाखुशीनं कबूल केलं, कुठल्याही मिस्त्रीकडे मिळतात. नवऱ्यानं काटा लावला. साडेतीन किलो आणि वर थोडं.

"वजन बरोबर आहे," तो म्हणाला, सरकारी शिक्का मारावा तसा.

पण खांद्याला लावल्यावर दस्ता लांब होता आणि गालाला खालीच. दुकानदार लगेच म्हणाला, "बघा, मी म्हटलं ना."

"लांबी कापता येते," वहिनी म्हणाली. "उंची मी बघते. मला ती एका दिवसासाठी क्लबात न्यायचीये, ड्रिलबाईंच्या देखरेखीखाली. मागचा भाग बोटभर कापून रबर लावायचे पैसे मी वेगळे देते. बसली तर घेते. नाही बसली तर तुमच्याकडेच परत येईल, आणि कापलेली म्हणून जे कमी होईल ते माझ्याकडून घ्या."

दुकानदारानं ड्रिलबाईंना फोन लावला. फोनवर तो तीन वेळा 'हो बाई' म्हणाला. अर्धी नेमबाज मंडळी त्याची गिऱ्हाइकं होती आणि अर्ध्यांना ड्रिलबाईंनी शिकवलं होतं, त्यामुळे चौथ्यांदा त्यानं नुसताच हुंकार दिला आणि फोन ठेवला. चार दिवसांनी दस्ता कापून झाला आणि रविवारी तो स्वतः बंदूक घेऊन क्लबात आला.

मैदानाच्या कडेला एक मोठा लोखंडी पत्रा उभा होता. त्यावर पांढरा रंग फासायचा, सोळा पावलांवरून एक बार टाकायचा, की छऱ्यांचे ठिपके कुठे गोळा होतात ते दिसतं. ड्रिलबाईंनी मध्ये काळा ठिपका काढला. वहिनीनं बंदूक लावली आणि मान न उचलता बार टाकला. सगळा थवा ठिपक्याच्या वीतभर खाली आणि थोडा डावीकडे.

वहिनीनं पिशवी उघडली. आत कामाचीच हत्यारं होती, मेण तापवायचा दिवा, दोन सुऱ्या, आणि गुलाबी मेणाच्या पट्ट्या.

"हे काय?" दुकानदारानं विचारलं.

"हिरडी."

बंदूक उघडून, रिकामी करून तिनं बाकावर आडवी ठेवली. दस्त्याच्या वरच्या कडेला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं आणि त्यावर मेणाचा एक थर बसवला. गाल टेकवून बघितला. सुरीनं किंचित खरवडलं. पुन्हा टेकवला. एखाद्या म्हाताऱ्या हिरडीवर कवळी बसवावी तसं तिचं चाललं होतं, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आणि बाकीचं जग बंद. दुसरा बार अर्धी वीत वर आला. आणखी एक थर. तिसरा बार वर जास्त गेला. तिनं कागदाएवढं मेण काढलं आणि डावी बाजू थोडी तासली. असं दुपारपर्यंत चाललं. नवरा दर वेळी पत्र्याला नवा पांढरा रंग फासत होता. त्याच्या कानाला, बाहीला आणि एका भुवईला रंग लागला होता.

नवव्या बाराला छऱ्यांचा थवा काळ्या ठिपक्याभोवती गोल बसला. वहिनीनं गालाला हात लावून बघितला. दुखत नव्हतं.

"आता चकती," ड्रिलबाई म्हणाल्या.

पंधरा चकत्या मागवल्या. बारा फुटल्या. दुकानदार खिशात हात घालून उभा होता. तो शेवटी म्हणाला, "पण हे मेण उन्हात वितळेल की, ताई."

"मेण हा नुसता साचा असतो," वहिनी म्हणाली. "पावती करा."

सोमवारी कामाचे तास संपल्यावर तिनं त्या मेणाच्या तुकड्याची कवळीच केली. प्लास्टरमध्ये बसवला, मेण गरम पाण्यानं वितळवून काढलं, रिकाम्या जागी पावडर आणि द्रावण कालवून भरलं आणि भांड्यात शिजवलं. फोडून काढल्यावर हातात आला तो गुळगुळीत, कडक, हिरडीच्या रंगाचा तुकडा. दुसरा रंग तिच्याकडे नव्हता आणि मागवायला वेळ नव्हता. डॉक्टर दारातून डोकावले. "हा कुठल्या पेशंटचा?"

"माझा."

"दात कुठे बसवणार?"

"याला दात नाहीत, पण चावतो," वहिनी म्हणाली आणि पॉलिश करायला बसली.

दोन बारीक स्क्रूंनी तुकडा दस्त्यावर बसला. क्लबात पहिल्या दिवशी सगळ्यांनी हसून घेतलं. कुणी विचारलं, झोपताना ती काढून पाण्यात ठेवता का. ड्रिलबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, दोन पानं वाचली आणि सांगितलं की गालाला आधार चालतो, रंगाबद्दल काही लिहिलेलं नाही. तेवढ्यावर हसणं थांबलं, निदान मोठ्यानं तरी. वहिनी रोज कामावर जायच्या आधी घरात रिकामी बंदूक पन्नास वेळा खांद्याला लावायची, डोळे मिटून, आणि उघडल्यावर नळीचं टोक जिथे हवं तिथेच आहे ना ते बघायची. रविवार आणि बुधवार क्लबात. बाकी काही बोलणं नाही.

निवडीच्या दिवशी वारा सुटला होता. वीसजण होते. भाऊजीही होते, आणि त्यांच्या हातात जुनीच नक्षीची बंदूक होती. वहिनीला बघून त्यांनी मान हलवली, एवढंच. महिनाभरात दोन घरांत तेवढंच बोलणं झालं होतं.

पन्नास चकत्या, पंचवीस-पंचवीसच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत वहिनीच्या वीस झाल्या. दुसरीत वाऱ्यानं चकत्या उसळत होत्या आणि सुरुवातीच्या सहांतल्या तीन गेल्या. मागे कुणीतरी पुटपुटलं. वहिनीनं बंदूक उघडली, काडतूस भरलं, बंद केली, गाल टेकवला. तिनं वाऱ्याचा विचार सोडून दिला, कारण वारा काही तिच्या टेबलावरचा नव्हता. गाल तिचा होता. "पुल." फुटली. "पुल." फुटली. शेवटी तिच्या अठरा झाल्या. एकूण अडतीस.

भाऊजी चव्वेचाळीस करून दुसरे आले. सहाव्या जागेसाठी अडतीसवर दोघं होते, वहिनी आणि एक निवृत्त इंजिनड्रायव्हर, जे सहा वर्षं संघात होते. ड्रिलबाईंनी सांगितलं, एकेक चकती. जो चुकेल तो बाहेर.

वहिनी पिशवीकडे गेली तर काडतुसं संपत आलेली. तीन उरली होती. ती पिशवी चाचपत असताना बाजूनं एक उघडा खोका पुढे आला. भाऊजी होते.

"पट्टी खरंच सुटलेली होती," ते खाली बघत म्हणाले. "मिस्त्रीनं उघडून दाखवली आणि नीट बसवून दिली. बोटभर गंज होता आत. एक गिऱ्हाईक तयार होतं माझं. त्याला तशीच गळ्यात मारणार होतो मी." मग थोडं थांबून, "घ्या ना. तुमच्याच मापाची आहेत."

वहिनीनं खोका घेतला. आभार मानायला ती थांबली नाही, आणि भाऊजींनाही ते नकोच होतं.

पहिली दोघांचीही फुटली. दुसरीही. तिसरीची इंजिनड्रायव्हरांनी नुसती कड गाठली, एक कपची उडाली, पण उडाली म्हणजे फुटली. वहिनीची तिसरी अगदी खालून डावीकडे निघाली, आणि ती कशी फुटली ते तिला नंतर सांगता आलं नसतं. चौथीला इंजिनड्रायव्हरांच्या बाराचा आवाज आला आणि चकती तशीच जाऊन गवतात बसली. ते मागे सरले आणि टोपी काढून उभे राहिले.

वहिनी जागेवर गेली. तिनं गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला.

"पुल."

चकतीचा धुरळा झाला आणि वाऱ्यानं तो तिच्याच अंगावर आणला. तिनं बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढून डब्यात टाकलं आणि मगच मागे वळून बघितलं. नवऱ्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. इंजिनड्रायव्हर पुढे येऊन तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "बाई, मला पण एक हिरडी करून द्याल का?"

"रविवारी माप घेते," ती म्हणाली. "बंदूक घेऊन या."

ड्रिलबाईंनी यादीत सहावं नाव लिहिलं आणि पेन टोपणात घातलं. "संघाचा सराव मंगळवारी सकाळी सात. उशीर झाला तर बाहेर बसवीन."

"मंगळवारी मला दोन पेशंटच्या कवळ्या द्यायच्यात," वहिनी म्हणाली.

"मग?"

"साडेसहाला येते. तुम्ही फाटक उघडून ठेवा."